विश्लेषण : कोंबडीची हगवण एक, कारणे चार, परसातच आजार कसा ओळखायचा?

पावसाने आठवडाभर झड लावली की परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार येते. कोंबडी हगते, पंख फुगवून कोपऱ्यात बसते, दाण्याला चोच लावत नाही. मग दुकानातून एखादी गोळी आणून पाण्यात विरघळवली जाते. तरीही गुण आला नाही, तर कोंबडी थेट आठवडी बाजारात जाते. आठ-दहा गावरान किंवा गिरिराज कोंबड्या म्हणजे अनेक घरांत बाईच्या हातातला रोख पैसा. त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. पण हगवण हे लक्षण आहे, आजार नव्हे. त्यामागे तुंबलेली अन्नपिशवी, रक्ती हगवण, जंत किंवा मानमोडी यांपैकी काहीही असू शकते. चारही कारणांवर चालेल असे एक औषध नाही आणि मानमोडीवर तर औषधच नाही.

निरोगी विष्ठा कशी दिसते?

घट्टसर, करडी-तपकिरी आणि वर पांढरा थर. हा पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवी. ती वेगळी बाहेर पडत नाही. दिवसातून काही वेळा गडद, चिकट आणि उग्र वासाची विष्ठाही पडते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि अगदी नैसर्गिक असते. अनेक घरांत औषध सुरू होते ते नेमकी हीच पाहून. कडक उन्हात कोंबडी पाणी जास्त पिते, तेव्हाही विष्ठा पातळ होते. खाणेपिणे नीट असेल तर त्याची काळजी नको. रात्री कोंबड्या बसतात त्या जागेखाली जुने पोते अंथरले, तर सकाळी सगळे स्पष्ट दिसते.

अन्नपिशवी कधी तपासायची?

पहाटे, खुराडे उघडण्याआधी. गळ्याखाली, छातीच्या वर किंचित उजवीकडे हात लावावा. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी लागली पाहिजे. ती टणक लागली, तर लांब वाळके गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलेले असू शकते. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबट वास आला, तर आत बुरशी वाढली असण्याची शक्यता असते. टणक पिशवीसाठी दाणे थांबवून पाणी चालू ठेवावे आणि हलक्या हाताने चोळावे. दुसऱ्या दिवशीही फरक नसेल तर पशुवैद्यकाकडे न्यावे. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळण्याचा उपाय सर्रास होतो, पण त्यात पाणी श्वासनलिकेत जाऊन ती दगावते.

विष्ठेत रक्त किंवा जंत दिसले तर?

तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. याचे सूक्ष्म परजीवी ओल्या तुसात दोन-तीन दिवसांतच संसर्ग करण्याइतके तयार होतात. पावसाळ्यात हा आजार उसळतो तो म्हणूनच. साधी जंतुनाशके यावर फारशी चालत नाहीत. ओले तूस काढून खुराडे कोरडे करणे हाच अर्धा उपचार. पशुवैद्यक बहुतेक वेळा पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते चालू असताना ब-१ जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, औषधाचा असर कमी होतो.

जंतांमध्येही फरक आहे. शेवयांसारखे लांब, पांढरे ते गोल जंत; तांदळाच्या कण्यांसारखे सपाट तुकडे दिसले तर पट्टकृमी. गोल जंतांवरचे पायपेराझिन पट्टकृमींवर लागू पडत नाही. मुंग्या आणि किडे टिपणाऱ्या मोकळ्या कोंबड्यांत पट्टकृमी हमखास सापडतात. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारूनच घ्यावे.

मानमोडी कशी वेगळी ओळखायची?

हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, वाकडी होणारी मान आणि एकापाठोपाठ एक मरतूक. हाच राणीखेत. याचा विषाणू सारा कळप संपवू शकतो. इलाज फक्त लस : पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. लसीची कुपी बर्फात न आणता पिशवीत टाकून आणली, तर ती टोचूनही उपयोग होत नाही.

आजारी कोंबडी बाजारात नेणे इथे सर्वांत महागात पडते, कारण तिच्याबरोबर रोग चार गावांत जातो. अचानक मरतूक सुरू झाली तर बर्ड फ्लूही नाकारता येत नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला त्याने थैमान घातले होते. मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, उघड्या हाताने हाताळू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे.

प्रतिजैविके मनाने का देऊ नयेत?

विषाणू, जंत आणि कॉक्सिडिओसिस यांपैकी कशावरही साध्या प्रतिजैविकाच्या गोळीचा उपयोग नसतो. उलट अंड्या-मांसातून तिचे अंश घरातल्या पोरांच्या पोटात जातात. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिनचा कोंबड्यांसाठी वापर आणि विक्री केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केली. कारण कळत नसेल, तर ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात जावे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया काही मिनिटांत दिसतात. तोवर आजारी कोंबडी वेगळ्या डालग्यात ठेवावी आणि तिचे दाणा-पाणी सर्वांत शेवटी करावे.