वर्कशॉपमधल्या यंत्राला कीबोर्ड कोणता घ्यावा?



ऊसवाल्याने कीबोर्डवर लिहावे याचे नवल वाटेल. पण आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांनी भोसरी-चिंचवडला वर्कशॉप टाकले आहेत. गटभेटीला गेलो की लागवडीचे राहते बाजूला, आणि संगणकावर चालणाऱ्या लेथला कीबोर्ड कोणता, हेच विचारतात.

पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत ऑफिसचा कीबोर्ड स्वस्तात मिळतो. वर्कशॉपात तो टिकत नाही. लोखंडाचा बारीक कीस कळीखाली गेला की कळ दाबलेलीच राहते. काही यंत्रांत कळ दाबून धरली तोपर्यंत हत्यार सरकत राहते. अशा वेळी कळ अडकली, तर हत्यार थेट चकवर जाऊन आदळायचे!

म्हणून माहितीपत्रकात 'आयपी ६५' पाहावे. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. मात्र ही परीक्षा पाण्याची, तेलाची नव्हे. कळींचे रबर तेलाने फुगते का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. अगदी सपाट कीबोर्ड पुसायला सोपा, पण कळ दाबली गेली की नाही ते बोटाला समजत नाही. हातमोजा घालूनच दाबून पाहा, दुकानदार हसला तरी हसू द्या. शेजारी वेल्डिंग चालत असेल तर बिनवायरीच्या भानगडीत पडू नये.

आणि यंत्र थांबवण्याचे काम कीबोर्डवर मुळीच सोपवू नका. लाल बटण वेगळे, स्वतंत्र वायरिंगचे आणि उभ्या माणसाच्या हाताशी असावे. ते अधूनमधून दाबून, यंत्र खरेच थांबते का ते पाहावे.