रिव्हेट मोजणारी माणसं

आज आम्ही तुम्हाला पार इंग्लंडात नेणार आहोत. तिथे पिकल्या केसांची कितीतरी माणसं घरात छोट्या आगगाड्या चालवतात. कोणी माळ्यावर रूळ मांडलेत, कोणी परसातल्या खोलीत. स्टेशन, पूल, झाडं बरीचशी हातानं केलेली. इंजिन दिसायला वाफेचं, पण आत छोटी मोटर, चालतं विजेवर. तिथल्या सगळ्यांत चालणाऱ्या मापात खरी गाडी ७६ पट लहान केलेली असते. साडेपाच फुटी माणूस त्या फलाटावर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरचा!

हॉर्नबी ही तिथली जुनी कंपनी १९२० पासून अशा गाड्या करते. ती येणारी इंजिनं जाहीर करते, आणि मग या मंडळींत जे सुरू होतं त्यापुढे लग्नातले मानपान काहीच नाहीत. धुराडं बुटकं झालं, हिरवा रंग पिवळसर वाटतो, त्या साली या इंजिनाला असा दिवा नव्हताच! काही जण पत्र्यावरचे रिव्हेटसुद्धा मोजतात. त्यांना तिकडे थट्टेनं 'रिव्हेट मोजणारे' असंच म्हणतात.

हसू येतं खरं, पण त्यांचं ऐकून घेऊ. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये बंद झाली. त्याआधी फलाटावर उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत टिपणं हा तिथल्या पोरांचा मोठाच छंद होता. ती पोरं आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या स्टेशनात रोज येणारं इंजिन कसं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत आहे. म्हणून तेच ते नामांकित 'फ्लाइंग स्कॉट्समन' पुन्हा जाहीर झालं की ती कुरकुरतात: आमचं मालगाडी ओढणारं साधं इंजिन कधी काढणार?

यात पैशाचाही प्रश्न आहे. नव्या इंजिनाला बरेचदा दोनशे पौंडांच्या वर, म्हणजे आपले वीस हजारांहून जास्त रुपये लागतात. कंपनीचा मोठा खर्च होतो साच्यावर. साचा एकदा कापला की चूक सुधारणं महाग. म्हणून पुष्कळदा आधी चित्र दाखवतात, मग नमुना, आणि आगाऊ नोंदणी घेतात. फराळाच्या ऑर्डरी हातात आल्यावरच आपला गट बेसन भरतो, तसंच. ग्राहकानं बोलायचं ते याच वेळी, आणि जाणकारांनी दाखवलेली चूक पुढच्या नमुन्यात दुरुस्त झाल्याचंही दिसतं.

कधी दोन कंपन्या एकच इंजिन काढतात. 'टेरिअर' नावाचं एक चिमुकलं इंजिन आहे. वाफ सोडताना कुत्र्यासारखं भुंकतं म्हणून हे नाव. २०१९ च्या सुमारास ते दोघांकडून आलं. काही खूश, चांगलं ते निवडता येईल म्हणून. बाकीचे चिडले, एवढ्या पैशात दुसरं इंजिन झालं असतं की!

आणि गंमत ऐका. खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. ७६ ने भागलं तर जवळजवळ १९ यायला हवं, पण या गाड्यांचे रूळ १६.५ मिलिमीटरचेच. ब्रिटनची इंजिनं अंगानं लहान, त्यांत तेव्हाची मोटर मावेना, म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. रिव्हेट मोजणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे मुकाट्यानं पत्करलंय!

म्हणूनच २०२२ च्या ऑक्टोबरात हॉर्नबीनं १२० पट लहान माप जाहीर केलं तेव्हा घरोघरी खल झाला. यात रूळ १२ मिलिमीटरचे, हिशेबाला चोख. लहान घरातल्यांना आनंद झाला, टेबलावर अख्खं स्टेशन मावणार. ज्यांची कपाटं जुन्या मापाच्या गाड्यांनी भरलेली, ते विचारू लागले, आता आमचं काय? जुनं माप बंद होणार नव्हतंच, पण धास्ती घ्यायची ती घेतलीच. दुकानदार वेगळ्याच कारणानं नाराज होते. सुरुवातीला कंपनी हा माल थेट ग्राहकालाच विकत होती, त्यांच्या फळीवर येऊच देत नव्हती.