चिंतेची गोळी : मात्रा, वेळ आणि शिस्त



तोड लांबली, कर्जाचा हप्ता आला, घरात लग्न निघाले, अशा काळजीने झोप उडालेले सभासद आम्हाला शिवारफेरीत भेटतात. काहीजण डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतात आणि म्हणतात, "साहेब, गुण काय येत नाही." आम्ही डॉक्टर नव्हे. पण मात्रा आणि वेळ हा आमचा रोजचा विषय. पुष्कळदा खोट औषधात नसते, घेण्याच्या पद्धतीत असते.

कोसी ६७१ लवकर पक्व होतो, को ८६०३२ ला वेळ लागतो. या औषधांचेही तसेच आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम या लवकर गुण देणाऱ्या गोळ्या. अल्प्राझोलाम तासा-दोन तासांत रक्तात भरपूर उतरते आणि पुढे साधारण ११ तासांत निम्म्यावर येते. उलट एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांचा गुण दिसायला रोज नेमाने घेऊनही २ ते ६ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणे म्हणजे ८६०३२ ला दहाव्या महिन्यात कोयता लावणे. उतारा कुठून मिळणार? वाटले त्या दिवशी घेतली, नाही वाटले तर राहिली, यानेही उपयोग होत नाही.

जेवणाचाही संबंध येतो. ब्युस्पिरोन जेवणासोबत घेतल्यास रक्तात जास्त उतरते, म्हणून ती रोज एकाच रीतीने घ्यावी. हळूहळू विरघळणारी गोळी चावू किंवा कुटू नये. दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते.

आता धोक्याची गोष्ट. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते. बरेच दिवस घेतलेली गोळी एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात. कोणतीही गोळी कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. दारूबरोबर तर मुळीच नको. श्वास मंदावून माणूस दगावतो. गुंगी असताना ट्रॅक्टर चालवू नये, रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जाऊ नये. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये. २०१४ पासून या गोळ्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते, ती उगीच नव्हे.

मन फारच खचले असेल तर १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते. खताची मात्रा आपण आम्हाला विचारता, तशीच गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी