ग्रहणात गरोदर बाईने जेवायचं की नाही?

आरोग्याच्या पानावर सूर्य-चंद्र कशाला, असं काहींना वाटेल. पण 7 सप्टेंबर 2025 च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण आठवा. भाद्रपद पौर्णिमा होती, वर्षावास चालू होता. रात्री 9.57 ला चंद्राला सावली लागली, 11 च्या सुमारास तो पूर्ण झाकला आणि 1.26 ला मोकळा झाला. पंचांगवाले चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधीपासून धरतात. दुपारी एकपासून रात्री दीडपर्यंत गरोदर बाईने घास घ्यायचा नाही, पाणी प्यायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. काही घरांत लघवीलासुद्धा जाऊ देत नाहीत. ही घरं फक्त गावातल्या वाड्यांची नाहीत. भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांचा फोटो असलेल्या आपल्या वस्तीतल्या घरांतही हे चालतं. "धम्म वेगळा, पण पोटातल्या लेकराची जोखीम कोण घेणार?" असं सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ग्रहण म्हणजे काय ते घरातच करून पाहू. रात्री खोलीत एकच बल्ब लावा. तो सूर्य. हातात मोसंबी धरा, तो चंद्र. तुमचं डोकं म्हणजे आपली पृथ्वी. हात लांब करून मोसंबी डोक्यापेक्षा थोडी वर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. मोसंबी बल्बच्या बाजूला असताना तिचा अंधारा भाग तुमच्याकडे असतो, ती अमावास्या. थोडं वळलात की उजेडाची कोर दिसते, मग अर्धी, आणि बल्बकडे पाठ केली की पूर्ण उजळलेली. ती पौर्णिमा. मोसंबी कमी-जास्त झाली नाही, तिचा अर्धा भाग सतत उजेडातच होता. तो आपल्याला किती दिसतो एवढाच फरक. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात.

आता बल्बकडे पाठ करूनच मोसंबी डोक्याच्या रेषेत खाली आणा. तुमच्या डोक्याची सावली तिच्यावर पडली. झालं चंद्रग्रहण! आणि मोसंबी बल्बच्या बरोबर आड आली की सूर्यग्रहण. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही याचं उत्तरही यातच आहे. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. त्या रात्री चंद्र तांबूस का झाला? पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचा लालसर उजेड वाकून त्याच्यावर पडतो म्हणून. रक्ताचा आणि कोपाचा काही संबंध नाही.

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे 400 पट आहे आणि तो आपल्यापासून चंद्राच्या सुमारे 400 पट लांबही आहे. म्हणून एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकू शकतो. आर्यभटाने 499 साली लिहिलेल्या ग्रंथात ग्रहण सावल्यांमुळे होतं हे मांडलं आहे. दीड हजार वर्षं झाली, आणि आपण अजून राहू-केतूला घाबरतो.

त्यातही आपण घाबरावं, याची मला जास्त चीड येते. "दे दान, सुटे गिऱ्हाण" ही आरोळी जुन्या माणसांनी ऐकलेली आहे. ग्रहण लागलं की महार-मांगांनी टोपली घेऊन गावात दारोदार ओरडत फिरायचं आणि लोकांनी वरून जुनी फडकी, धान्य टाकायचं. का? तर राहू-केतू हे यांच्यातलेच, यांना दिलं की ते सूर्याला सोडतील. म्हणजे आकाशातसुद्धा आमचाच विटाळ! वेध, सुतक, ग्रहण सुटल्यावरची आंघोळ हे सगळं शिवाशिवीचंच गणित आहे. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतनाचं आणि मागून खाण्याचं जोखड झुगारायला लोक तिथे बैलगाड्यांनी जमले. त्यांच्या नाती-पणतींनी आज वेध पाळत अंधाऱ्या खोलीत उपाशी पडून राहावं?

आता ओठाकडे येऊ. भीती त्याचीच असते. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. सातव्या-आठव्या महिन्यात बाई विळीवर भाजी चिरते तेव्हा बाळाचा ओठ कधीच तयार झालेला असतो, तो कापला जाणार कसा? जगात साधारण सातशे ते हजार बाळांमागे एकाला फाटलेला ओठ किंवा टाळू असते, आणि ज्या देशांत ग्रहण पाळणं माहीतच नाही तिथेही असते. काही कारणं आनुवंशिक असतात. फॉलिक ॲसिडची कमतरता, आईची तंबाखू, फिट्सची काही औषधं, आधीपासूनचा मधुमेह यांनी धोका वाढतो. ग्रहणात सुरी लपवून ठेवणारी बाई सकाळी मिसरी लावते, हे मी कितीदा पाहिलंय! विळी राहू द्या, मिसरी सोडा. दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हापासूनच आशाताईकडून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. फिट्सची गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बाळाचा ओठ फाटलेला असलाच, तर आईला दोष देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा, त्या पुढे नाव देतात.

उपाशी राहण्याने मात्र खरं नुकसान होतं. बारा तास पाणी नाही, अन्न नाही, तर गरोदर बाईची साखर उतरते, चक्कर येते, पाणी कमी पडल्याने पोट कडक होऊ लागतं. लघवी धरून ठेवल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि त्यातून दिवस भरण्याआधी कळा लागू शकतात. साखरेची किंवा बीपीची गोळी चुकली तर वेगळीच भानगड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "ग्रहण सुटू द्या, मग दवाखान्यात नेऊ" हे वाक्य. लेबर रूमच्या ड्युटीत हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, की चंद्र कुठे आहे ते बघायचं नाही, 108 ला फोन लावायचा.

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल बघा, गरोदर बाईनेही. सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर डोळ्याचा पडदा भाजतो आणि दुखत नाही, कारण पडद्याला वेदना कळत नाही. हा धोका गरोदर बाईला आहे तेवढाच पोराला आणि म्हाताऱ्याला. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, शेणपाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, यातलं काहीच चालत नाही. सूर्याकडे पाठ करून पिठाची भोकाची चाळणी धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाखाली खाल्लेल्या सूर्याची छोटी कोर दिसते. लिंबाच्या झाडाखालच्या कवडशांतही दिसते.

सूर्याचं खरं भय आपल्याकडे ग्रहणात नाही, उन्हाळ्यात आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते असं पुष्कळांना वाटतं. उलट ती जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, 15.2 कोटी. ऋतू होतात ते पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून. बॅटरी भिंतीवर सरळ मारली तर प्रकाश एका ठिकाणी झगझगीत पडतो, तिरपी मारली तर पसरून फिका होतो. धाराशिवला 12 मेच्या आसपास दुपारी साधारण 12.22 ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऊसतोडीवरून परतलेल्या बाया तेव्हा वीटभट्टीवर, रोजगारावर असतात. त्या दिवसांत अकराच्या आत आणि चारनंतर काम धरा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी बरोबर न्या. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत घेऊन ओल्या कपड्याने पुसत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

2 ऑगस्ट 2027 ला दुपारी उशिरा आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसतील तर वस्तीतली पोरं विहाराच्या अंगणात चाळण्या घेऊन जमवा. त्या दिवशी कुणा सुनेला दिवस असतील तर तिला आधी पोटभर जेवू घाला, आणि मग बोलवा बघायला.