एक्केचाळीस पाट्या

माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत श्रीखंडाचे डबे कापून केलेल्या पांढऱ्या पट्ट्या, मोजून एक्केचाळीस. २०१८ च्या जूनमध्ये त्या सगळ्या आमच्या परसात एकेका रोपाशी खोचलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एका मिरचीचं नाव होतं. आता एकीवरही अक्षर नाही. दुकानदारानं ‘पक्की शाई’ म्हणून दिलेला मार्कर. कोल्हापूरचं ऊन आणि कोल्हापूरचा पाऊस, दोघांनी मिळून त्याचं पाणी केलं. एका पट्टीवर ‘भ’ असावा असं वाटतं. भावनगरी, भिवापुरी की भूत जोलोकिया, कोण जाणे.

वह्या मात्र आहेत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, नोंदी ठेवायची खोड तिथलीच. २०१२ ची वही अगदी किरकोळ आहे. तीन मिरच्या: संकेश्वरी, लवंगी, भावनगरी. पैकी संकेश्वरी माझी नव्हेच. ती आत्यांची, म्हणजे सासूबाईंची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पुढच्या दारी, तुळशीच्या कट्ट्याशेजारी, त्यांची चार-पाच झाडं असायची. परसात भरपूर जागा असताना ही पुढं कशाला, असं मला वाटायचं. विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की लवंगी आठवते. ती गाण्यांची करणी. इथल्या घरच्या चटणीला खरी लागते ती संकेश्वरी, आणि रंगासाठी जोडीला ब्याडगी. संकेश्वर आता बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. पण त्या पट्ट्यातली मिरची गडहिंग्लजच्या बाजारात येते आणि तिला तिथं ‘जवारी’ म्हणतात. लांब, बारीक, वाळली की गर्द लाल. मार्चात ती कांडपाला गेली की गल्लीभर शिंका सुरू होतात. आमच्या घराला वर्षाची चटणी करायला पाच किलो वाळकी मिरची लागायची. चार किलो ओली लाल मिरची वाळवावी तेव्हा एखादा किलो हाती लागते. परसातल्या पिकावर चटणी होईल हा माझा पहिला गैरसमज त्या हिशेबानंच गेला.

मग हौस वाढली. २०१३ ला ब्याडगी आली. वाण्याकडच्या वाळक्या मिरचीतलं बी टाकलं आणि उगवलं. ब्याडगीचेही दोन प्रकार: बारीक लांब ती कड्डी, आखूड फुगीर ती डब्बी. दुकानात काश्मिरी म्हणून जी विकतात, ती बऱ्याचदा यांच्यापैकीच असते. ओली असताना ब्याडगी दिसायला अगदीच सामान्य. तिचं रूप वाळून सुरकुत्या पडल्यावर उघडतं.

माझं माहेर मालवणकडचं. तिथं मिरचीला मिरसांग म्हणतात. दोन्ही शब्दांत मिरी लपलेली आहे, कारण पोर्तुगीज सोळाव्या शतकात अमेरिकेतून हे फळ गोव्यात घेऊन येईपर्यंत आपल्याकडं तिखटाचा मान काळ्या मिरीचा होता. पाहुणीला घरच्याच माणसाचं नाव मिळालं. २०१४ मध्ये काणकोणहून खोल्याच्या मिरचीचं बी आणलं. खोला गावात ही मिरची पावसाळ्यात डोंगरउतारावर लावतात. मी ती सपाट वाफ्यात लावली. आषाढातच सगळी रोपं बुडाशी काळी पडून मेली. पाऊस तिला सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. तिथं उतार पाणी काढून देतो आणि माझ्या वाफ्यानं ते साठवून ठेवलं होतं. पुढं २०१९ च्या सुमाराला या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते मिरचीच्या नव्हे, उताराच्या नावानं द्यायला हवं होतं असं मला वाटलं.

भूत जोलोकियाचं बी माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलानं आसामातून आणलं. २००७ मध्ये गिनीजनं जगातली सर्वांत तिखट म्हणून हिची नोंद केली होती, दहा लाखांहून अधिक स्कोव्हिल. पुढं अमेरिकेतल्या कॅरोलिना रीपरनं आणि २०२३ ला पेपर एक्सनं हा मान नेला. आपली नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. हिनं चोवीस दिवस घेतले. मी रोज माती उकरून बघायची, आणि ‘बी मेलं’ असं दोनदा वहीत लिहून ठेवलं आहे. हिची जातच वेगळी. शास्त्रीय नावात ‘चायनेन्स’ आहे, कारण अठराव्या शतकात नाव ठेवणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाची समजूत झाली की ही चीनमधली. मूळची अमेरिकेची मिरची, चीनचं नाव, आसामची कीर्ती, आणि उगवली रंकाळ्याजवळच्या एका परसात. पहिली मिरची पिकली तेव्हा हातमोजे घालून चिरली आणि मोजे काढल्यावर त्याच सुरीला हात लावला. बोटं पाण्याखाली धरून काही होत नाही. तिखटाचं द्रव्य तेलात विरतं, पाण्यात नाही. आत्यांनी वाटीत तेल ओतून समोर ठेवलं आणि काही न बोलता पोथीकडं वळल्या.

आता २०१५ ची गोष्ट. ती सांगायला मला अजून लाज वाटते.

आदल्या वर्षी भावनगरी छान आली होती. जाड, लांब, भज्यांना नंबर एक. मी तिचं बी धरलं. पुढच्या वर्षीची झाडं तशीच दिसली, फळ जरा बारीक, एवढंच. नणंदेच्या मुलीचं बघायला पाहुणे आले, मी हौसेनं घरच्या मिरचीची भजी केली. मुलाच्या काकांनी पहिलं भजं मोडलं. दुसरा घास घेता घेता ते थांबले, डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. मुलाच्या आईनं ताकाचा तांब्या संपवला. शेजारच्या ताटातली भजी मात्र अगदी सौम्य होती, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं खरं वाटेना.

भावनगरीशेजारी लवंगी होती. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं हे खरं, पण मधमाशा आणि इतर किडे या झाडाचं पराग त्या झाडावर नेतातच. गंमत अशी की त्या वर्षी त्याचा पत्ता लागत नाही. फळाचं मांस आईच्या झाडाचं. संकर झालेला असतो तो आतल्या बीत. ते बी पेरलं की पुढच्या वर्षी खरी ओळख पटते, तीही झाडागणिक वेगळी. मेंडेलचे वाटाणे मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढले होते. उंच गुणिले बुटका, पहिली पिढी, दुसरी पिढी. माझ्याच वाफ्यात तेच चाललंय हे कळायला मला पाहुण्याच्या डोळ्यांतलं पाणी लागलं. लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी. काका अजून मला ‘मिरचीवाल्या मामी’ म्हणतात.

त्या संध्याकाळी आत्या म्हणाल्या, “पुढच्या दारी का लावतो मी, कळलं का? सगळ्यात मिसळली की तिची ती ऱ्हात न्हाई.” मध्ये आख्खं घर होतं. बियाणं विकायला शेतात शेकडो मीटरचं अंतर सोडावं लागतं, तेव्हा मध्ये घर आलं म्हणून मधमाशी येणारच नाही असं नाही. पण त्यांची दुसरी रीत होती: पहिल्या बहरातल्या चांगल्या दोन-तीन मिरच्यांच्या देठाला लाल दोरा बांधायचा. त्या कुणी तोडायच्या नाहीत. झाडावरच पिकून सुरकुतल्या की बी काढून राखेत घोळायचं. पहिल्या बहराच्या वेळी परसातली माझी बरीच झाडं फुलोऱ्यावर आलेलीही नसत.

२०१६ रोगात गेलं. चुरडामुरडा. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं तर कोळी, आणि सगळं झाडच खुजं होऊन पानं बारीक गुच्छासारखी झाली तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला उपाय झाड उपटणं हाच. निंबोळी अर्क फवारला, चिकट सापळे लावले. सात झाडं उपटली. त्या वर्षाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

२०१७ ला मी जुन्या ओढण्यांच्या इवल्या पिशव्या शिवल्या. कळी उमलायच्या आत फांदीवर चढवायच्या, आत फळ धरलं की काढून दोरा बांधायचा. शेजारणीला वाटलं नवस आहे. पण त्यानं जाती शुद्ध राहिल्या आणि माझी हावही वाढली. लोक बी द्यायचे, मी द्यायची. भिवापुरी नागपूरकडून, गोल लालचुटूक डल्ले सिक्कीमहून, केरळची पांढरट उभी कांथारी, पूसा ज्वाला, हॅलापिन्यो, घंटेच्या आकाराची एक दक्षिण अमेरिकेची, जांभळी, पिवळी. २०१८ ला आकडा एक्केचाळीस. आत्या परसात आल्या, पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “मिरच्या लावतीयास का शाळा काढतीयास? हजेरी बी घे.” मी खरंच घेत होते. वहीत रोजचा तक्ता आहे. एक्केचाळीसपैकी आम्ही खाल्ल्या किती, हे मात्र त्या तक्त्यात नाही. स्वयंपाकाला पाच-सहाच लागत होत्या. बाकीच्या मी पिकवत होते, टिपत होते, वाटत होते. कांथारी ताकात मुरवून वाळवली तेवढी घरात आवडली.

मग ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची पातळी विचारतात. ४३ फूट ही धोक्याची. त्या आठवड्यात ती ५५ च्या पुढं गेली. पुणे-बंगळूर रस्ता बंद, शहरभर पूर आणि पाणीउपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही. आमचं घर उंचावर, त्यामुळे पंचगंगा आली नाही. पण वरचा पाऊस थांबेना आणि परसात घोट्याएवढं पाणी चार दिवस राहिलं. लोकांची घरं गेली होती तेव्हा मिरचीच्या झाडांचं दुःख करण्याचं तोंड मला नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत नातलगांची दोन बिऱ्हाडं होती. सहाव्या दिवशी पाठीमागचं दार उघडलं. पानं लोंबत होती, अगदी उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यासारखी. मुळं गुदमरली की झाडाला पाणी ओढता येत नाही. ती सगळी पाण्यात उभी राहून तहानेनं मेली. पट्ट्या तेवढ्या तरंगत भिंतीशी जमा झाल्या होत्या. मी त्या धुऊन डब्यात भरल्या, तोच हा डबा.

वाचली ती गच्चीवर तेलाच्या डब्यांत असलेली कांथारी आणि कट्ट्याशेजारची आत्यांची संकेश्वरी.

साठवलेलं बी पेरलं, पण मिरचीचं बी घरात ठेवलं की दोन-तीन वर्षांत त्याचा जोर उतरतो. अर्धं उगवलं नाही. जे उगवलं त्यातलं कुठलं कोण, ते वहीवरून सांगता आलं असतं. पट्ट्यांवर पुन्हा नावं घालायचा मला कंटाळा आला. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात कढीपत्त्याखाली एक रोप आपोआप आलं. वर तारेवर लालबुड्या बुलबुल बसतात. मिरचीचं तिखट आपल्याला झोंबतं, पक्ष्यांना त्याची जाणीवच नसते. आपण बी चावून मोडतो, ते गिळून दुसरीकडं टाकतात. तेव्हा मिरचीच्या दृष्टीनं पाहुणा तो, चोर आपण. हे रोप कुणाचं, ते मला आजही सांगता येणार नाही. फळ बोटभर, खांद्याला जरा चुणी, भाजली की सुगंध. थोडी संकेश्वरी असावी, थोडी भावनगरी असावी, आणि शेवटी जरा उशिरानं येणारा ठसका कुठून आला देव जाणे. ठेच्याला तिच्यासारखी दुसरी नाही. २०२१ च्या पुरात मी ती उंच वाफ्यात हलवली होती, जगली. तेव्हापासून दरवर्षी तिच्या सगळ्यांत चांगल्या झाडाचं बी धरते. आता चौथ्या पिढीला फळं बऱ्यापैकी सारखी येतात.

२०२४ च्या वहीत नऊ मिरच्या आहेत. भूत जोलोकिया नाही. ती परत लावावीशी वाटली नाही; एका झाडाच्या मिरच्या आम्हाला तीन वर्षं संपल्या नव्हत्या.

आत्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, म्हणजे त्या फक्त ब्याडगी खातात. संकेश्वरीचा लाल दोरा मात्र अजून त्याच बांधतात, खुर्ची कट्ट्याशी ओढून. गेल्या महिन्यात लेकीनं पुण्याहून फोन केला: बाल्कनीत लावायचीय, ती ठेच्याची मिरची पाठव. मी वीस बिया कागदात बांधल्या, पुडीवर तारीख घातली आणि पेन हातात धरून बसले.

“आत्या, नाव काय घालू?”

“तिखट हाय म्हणून घाल,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर भजी करंल.”