सामाजिक व भावनिक कौशल्ये, बालकांची

स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांचे नियमन करणे, दुसऱ्याची मनःस्थिती जाणणे, इतरांशी स्नेहसंबंध राखणे आणि परिणामांचा विचार करून निर्णय घेणे, या क्षमतांना सामाजिक व भावनिक कौशल्ये म्हणतात. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका शैक्षणिक चळवळीमुळे ही पंचविध विभागणी रूढ झाली. या क्षमता काही अंशी उपजत स्वभावावर अवलंबून असल्या, तरी त्या सहवास व सराव यांतून वाढतात. केवळ उपदेशाने त्या अंगी बाणत नाहीत.

विकासक्रम : साधारणतः तीन वर्षांची मुले शेजारी बसूनही आपापलेच खेळ खेळतात. चार ते पाच वर्षांच्या सुमारास, दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी समजूत असू शकते, हे मुलाला उमगू लागते. सहा ते आठ वर्षांच्या काळात पाळी, नियम व न्याय यांविषयीची जाणीव वाढते. ‘राग’, ‘रुसवा’, ‘धास्ती’, ‘हिरमोड’ असे शब्द लाभले, की भावनेचा उद्रेक होण्याऐवजी ती सांगता येते. भाषा हे अशा रीतीने आत्मसंयमनाचेही साधन ठरते. म्हणूनच मुलाची घरची बोली अशुद्ध ठरविल्यास त्याचे केवळ उच्चार दबत नाहीत, तर मनातले सांगण्याची वाटच खुंटते. फलटणच्या (जि. सातारा) बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे त्याच गावी प्रगत शिक्षण संस्था उभारली, संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा १९८६ मध्ये सुरू झाली.

सहजीवनाची परंपरा : रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी सातारा येथे १९२४ मध्ये वसतिगृह काढले. १९२७ मध्ये त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत व स्वतःची कामे स्वतः करीत. हे विद्यार्थी बालवर्गातील नव्हते. तथापि दुसऱ्याविषयीचा आदर हा पाठ्यविषय न राहता दिनक्रमाचा भाग झाला, तरच तो टिकतो, हे तत्त्व लहान मुलांनाही लागू पडते.

शाळेतील कार्यपद्धती : दिवसारंभी मुलांना गोलात बसवून ख्यालीखुशाली विचारणे, गोष्ट अर्ध्यावर थांबवून त्यातील पात्राला काय वाटले असेल ते विचारणे, नाट्यीकरण, सामूहिक खेळ, पाणी भरणे वा बागकाम यांसारखी कामे पाळीने सोपविणे, हे उपाय खर्चिक नाहीत. भांडण झाल्यास दोघांनाही पुरते बोलू द्यावे व तोडगा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. शिक्षकाचे स्वतःचे वर्तन हा यातील मुख्य धडा होय. ओरडणाऱ्या शिक्षकाकडून मुले संयम शिकत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तीन ते आठ वर्षे वयोगटासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक, भावनिक व नैतिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र मानले आहे.

विशेष परिस्थिती : सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांबरोबर मुलेही येतात. हंगामाबरोबर त्यांची शाळा, सवंगडी व शिक्षक बदलतात. अशा मुलाला प्रथम बसण्याची ठरलेली जागा, नावाने मारलेली हाक व एखादा जोडीदार हवा असतो. अक्षरे त्यानंतर येतात. २००५ व २०१९ सालच्या महापुरांसारख्या आपत्तींनंतर काही मुले गप्प होतात, आईला सोडत नाहीत किंवा पावसाच्या आवाजाने दचकतात. नेहमीचा दिनक्रम लवकर सुरू करणे, चित्रे व खेळ यांतून व्यक्त होऊ देणे, मात्र बोलण्याची सक्ती न करणे, हे अशा वेळी हितावह असते. लक्षणे दीर्घकाळ टिकल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे आवश्यक ठरते.

मर्यादा : या कौशल्यांना गुण देऊन क्रमवारी लावल्यास त्यांचा हेतूच विफल होतो. मुलाला निमूट व आज्ञाधारक बनविणे हे या शिक्षणाचे साध्य नव्हे. अन्यायाविषयी मुलाला येणारा राग योग्य असू शकतो. तो गिळण्यास न शिकविता, इतरांना ऐकून घेता येईल अशा रीतीने मांडण्यास शिकविणे, हेच त्याचे खरे प्रयोजन होय.