शालेय मंत्रिमंडळाला खर्चाचा अधिकार हवा

शाळा सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवार अर्ज भरतात, प्रचार करतात, मतदारांच्या बोटाला शाई लागते. अलीकडे मोबाईलमधले अ‍ॅपच मतदान यंत्र बनते. मुख्यमंत्री ठरतो आणि स्वच्छता, क्रीडा, सहल, पोषण आहार, ग्रंथालय अशी खाती वाटली जातात. लोकशाहीचा हा पाठ मोलाचा आहे, पण बहुतेक ठिकाणी तो शपथविधीपाशीच थांबतो. क्रीडासाहित्यासाठी यंदा किती रुपये आले, ते कशावर खर्च झाले, हे क्रीडामंत्र्याला कोणी सांगत नाही. शाळेचा पैसा कशावर आणि कोणासाठी खर्चायचा, हे ठरवण्यात मुलांना वाटा मिळाला, तरच हे मंत्रिमंडळ सगळ्या मुलांचे होईल.

पैसा मुळात आहे. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना पटानुसार संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. 101 ते 250 पटाला 50,000 रुपये आणि 251 ते 1,000 पटाला 75,000 रुपये, असा केंद्राचा निकष आहे. क्रीडासाहित्याचे अनुदान वेगळे. माध्यमिक शाळेसाठी त्याची मर्यादा 25,000 रुपये. दोनशे मुलांच्या शाळेने संयुक्त अनुदानाचा दहावा हिस्सा मुलांच्या निर्णयावर सोपवला, तर 5,000 रुपये होतात, म्हणजे दर मुलामागे 25 रुपये. रक्कम लहान आहे, पण ती हाती नसली की उपक्रमासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वर्गणी. आणि वर्गणी आली की ज्याच्या घरी पैसे नाहीत, ते मूल सहलीच्या दिवशी न बोलता घरी राहते.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सोयाबीन-कापसाच्या या भागात एकाच वर्गात बागायतदाराचे मूल असते आणि शेतमजुराचेही. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची मुले जुलैत मत देतात आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी गावात नसतात. काही मुलींना शाळा सुटताच घरकामासाठी परतावे लागते, म्हणून सायंकाळचा खेळ त्यांच्या वाट्याला येत नाही. अशा वेळी सगळा निधी क्रिकेटच्या साहित्यावर गेला, तर तो मोजक्या मुलांचा होतो. तोच दुपारच्या सुट्टीतल्या खेळांवर, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांवर किंवा सहलीच्या भाड्यावर गेला, तर मागे राहणारे मूल आत येते. सर्वांना सामावून घेणे भाषणात सोपे असते. ते खरोखर घडले की नाही, हे खर्चाच्या वहीत दिसते.

या विचाराला जुना आधार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथे समता सहजीवनातून आणि श्रमातून रुजली. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची संधी दिली. पोर्तुगालने 2017 मध्ये हीच कल्पना शाळांत नेली: दर विद्यार्थ्यामागे एक युरो आणि लहान शाळेला किमान 500 युरो, विद्यार्थी प्रस्ताव मांडतात आणि मतदानाने निवडतात.

मुलांना व्यवहार कळत नाही, असा पहिला आक्षेप घेतला जातो. पण धनादेशावरची सही मुख्याध्यापकांची आणि मंजुरी शाळा व्यवस्थापन समितीचीच राहील. मुलांनी ठरवायचा तो प्राधान्यक्रम. शेकडेवारी शिकणाऱ्या मुलांना हा हिशेब पेलतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बहुमत नेहमी बलवानांचेच होईल. म्हणूनच नियम हवेत. ग्रामपंचायतीलाही स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. मोठ्यांचा कायदा जे बहुमतावर सोडत नाही, ते मुलांवर तरी का सोडावे? निधीचा काही भाग राखीव असावा, मतदान गुप्त असावे आणि यातून कोण वगळले जाते, याचे उत्तर प्रत्येक प्रस्तावाने द्यावे. गावातले गट शाळेत शिरतील, ही भीतीही खरी आहे. मात्र व्यक्तीऐवजी कामाला मत द्यायचे असले की जात-भावकीची पकड सैल होण्याची शक्यता वाढते. अनुदान उशिरा आले तरी अडत नाही. कामांची यादी आधीच तयार ठेवता येते.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. पिंगळी आणि परिसरातल्या पालकांनी पुढच्या बैठकीत एकच ठराव मांडावा: अनुदानाचा दहावा हिस्सा मुलांच्या मताने खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब शाळेच्या फलकावर लागावा. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.